शेवटच्या बेडपर्यंतचा दाब

गॅसरूममध्ये कामाला लागलो त्या पहिल्या दिवशी आमच्या मिस्त्रीकाकांनी माझा उजवा हात धरला, नाकाशी नेला आणि हुंगला. "डोक्याला खोबरेल लावलंस ना सकाळी?" मी हो म्हटलं. "जा, कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन ये. मग पान्याला हात लाव."

अंबडच्या एका कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून मी नाशिकच्या एका ६० खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मेंटेनन्सला आलो होतो. कारखान्यात नट अडला की पहिला हात ग्रीसच्या डब्याकडे जायचा. इथे तो डबा खोलीच्या दारातही चालत नव्हता. दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलो दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की पेट घ्यायला ठिणगी लागत नाही. सिलिंडरची झडप झटक्यात उघडली, तर पुढच्या नळीत दाबला गेलेला वायू तापतो आणि तेवढी उष्णता पुरते. म्हणून झडप सावकाश उघडायची, तोंड गेजच्या बाजूला न ठेवता वळवून उभं राहायचं, आणि जोडण्याआधी झडप अगदी थोडी उघडून तिच्या तोंडावरची धूळ उडवून टाकायची. या तीन गोष्टी काकांनी माझ्याकडून महिनाभर रोज करून घेतल्या.

खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. दोन भिंतींना दहा-दहा जम्बो सिलिंडर साखळीनं बांधलेले. काळं अंग, पांढरा खांदा. प्रत्येकाच्या तोंडाला तांब्याची वळलेली नळी, तिला आम्ही पिगटेल म्हणतो. त्या सगळ्या एका आडव्या पाइपला मिळतात आणि तो पाइप मधल्या पॅनलमध्ये जातो. हे सगळं मिळून मॅनिफोल्ड. एका वेळी एकच बाजू, म्हणजे एकच बँक, चालू असते. ती संपत आली की पॅनल आपोआप दुसऱ्या बँकेवर जातं, घंटा वाजते आणि आम्ही रिकामे काढून भरलेले लावतो. पॅनलमध्ये दीडशे किलोचा दाब उतरून सव्वाचारच्या आसपास येतो. तिथून तांब्याची लाइन तीन मजले चढते, प्रत्येक मजल्यावर तिला बंद करायचा वेगळा व्हॉल्व्ह असतो, आणि शेवटी पेशंटच्या उशामागे भिंतीत एक आउटलेट. त्यात फ्लोमीटर, त्याखाली पाण्याची बाटली, बाटलीतून नळी, नळीच्या टोकाला मास्क. कोरडा ऑक्सिजन नाक-घसा सोलून काढतो म्हणून तो पाण्यातून बुडबुडत न्यायचा.

एका जम्बोत साधारण सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर ऑक्सिजन मावतो. नाकात दोन काड्यांची नळी लावून मिनिटाला २ लिटर घेणारा पेशंट एका जम्बोवर दोन दिवसांहून जास्त काढतो. पिशवीवाला मास्क लावून १५ लिटर घेणाऱ्याला तोच सिलिंडर पावणेआठ तास पुरतो. आणि हायफ्लो मशीन, ज्यातून मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू नाकात सोडता येतो, ते पूर्ण ऑक्सिजनवर चालवलं तर जम्बो दोन तासांच्या आत रिकामा. हा हिशोब मी आधीही करत होतो, पण तेव्हा तो कागदावरचा होता. कोविडच्या आधी आमच्याकडे दिवसाला पंधरा-सोळा जम्बो लागत. घंटा दिवसातून एकदा, फार तर दोनदा वाजे. बाकी वेळ मी एसी, लिफ्ट आणि जनरेटर बघायचो.

एप्रिल २०२१ मध्ये साठही खाटांवर ऑक्सिजन लागला. दिवसाला शंभराच्या आसपास जम्बो. दहाची बँक जेमतेम अडीच तास टिकायची. म्हणजे रात्रंदिवस दर अडीच तासांनी दहा पिगटेल सोडायच्या, दहा सिलिंडर हलवायचे, दहा नवे जोडायचे, साबणाचं पाणी लावून गळती बघायची. पन्नास-साठ किलोचा सिलिंडर उचलत नाहीत, तळाच्या कडेवर तिरका करून फिरवत नेतात. ते कसब अंगात यायला वेळ लागतो. आम्ही चौघं होतो आणि दोघं स्वतःच पॉझिटिव्ह निघाले. मग वॉर्डातले एक मामा मदतीला दिले गेले. त्यांनी त्याआधी आयुष्यात सिलिंडर फिरवला नव्हता. चार दिवसांत ते माझ्यापेक्षा सफाईनं फिरवायला लागले.

भरून आणणं ही तर वेगळीच लढाई होती. टेम्पो घेऊन अंबडला रिफिलरच्या दारात उभं राहायचं. कधी तिथून नकार आला की सिन्नर. रांगेत नाशिकचे, निफाडचे, कळवणचे टेम्पो, आणि मध्येच एखादा माणूस मोटारसायकलवर छोटा सिलिंडर मांडीत धरून बसलेला, घरी कुणीतरी आहे म्हणून. रिफिलरचाही दोष मी सांगणार नाही, त्याच्याकडे द्रवरूप ऑक्सिजनचा टँकर आला तरच तो आमचे सिलिंडर भरणार. टँकर चाकणकडून यायचा, पण त्याच टँकरची वाट पुणं, नगर, औरंगाबाद सगळेच बघत होते.

तिथे मी एक गोष्ट शिकलो. घाईत भरलेला सिलिंडर गरम होतो. गरम असताना गेज दीडशे दाखवतो, आपण खुशीत सही करून निघतो, आणि हॉस्पिटलात येऊन तो गार झाला की काटा एकशेतीसवर, कधी त्याहूनही खाली. दहा सिलिंडरात मिळून एक-दीड सिलिंडर रस्त्यातच गायब झाल्यासारखा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला चोरीचा संशय आला होता. वायू गेलेला नव्हता, मुळात तेवढा भरलाच नव्हता. त्यानंतर मी टेम्पोतून उतरवलेला प्रत्येक सिलिंडर तासाभरानं गेज लावून बघायचो, खडूनं त्याच्या अंगावर आकडा लिहायचो, आणि बँक किती तास जाईल हे त्या आकड्यांवरून ठरवायचो. कारखान्यांचे औद्योगिक सिलिंडरही तेव्हा हॉस्पिटलांकडे वळवले होते. त्यातल्या काहींच्या झडपांवर काळा चिकटा असायचा. ते मी बाजूला ठेवायचो. वर डॉक्टर माणसं वाचवायला झटत असताना खाली भरलेला सिलिंडर नाकारणं फार जड जायचं. पण काकांनी हुंगलेला तो हात मी विसरलो नव्हतो.

आता त्या रात्रीबद्दल. १८ एप्रिल, रविवार. रात्री अडीचला मी नुकतीच बँक बदलून खुर्चीवर टेकलो होतो. पॅनलवर ४.२. सगळं ठीक. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून सिस्टरचा फोन. "दादा, वर या. ३० नंबरच्या आजी म्हणताहेत ऑक्सिजन कमी येतोय." मी म्हटलं, सिस्टर, माझ्यासमोर काटा आहे, सव्वाचार आहे. त्या म्हणाल्या, "तरी या."

किट चढवून वर गेलो. ३० आणि ३१ नंबरला सिन्नरकडचं एक जोडपं होतं, दोघंही पॉझिटिव्ह. आजी २ लिटरवर, बऱ्या होत्या. आजोबा ३१ ला, खिडकीशी, लाइनीतला सगळ्यात शेवटचा बेड. त्यांना पिशवीवाला मास्क. आजी कुशीवर वळून आजोबांच्या उशामागच्या भिंतीकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, त्यांच्या बाटलीतले बुडबुडे कमी झालेत. मघाशी खळखळ होती. आता बघा."

मी बघितलं. फ्लोमीटरची गोळी सिस्टरांनी १२ वर ठेवली होती, ती नऊच्या खाली लटकत होती. बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं हलायला हवं, तिथे एकेक बुडबुडा सुटा मोजता येत होता. मास्कची पिशवी श्वास घेताना चपटी व्हायची आणि पुन्हा भरायला वेळ लावायची. मी खिशातला प्रोबवाला छोटा गेज शेजारच्या रिकाम्या आउटलेटमध्ये घातला. ३.१. खाली खोलीत सव्वाचार आणि इथे तीन पॉइंट एक. आजींनी आमच्या अलार्मच्या आधी ओळखलं होतं, कारण रात्रभर त्या दुसरं काही बघतच नव्हत्या. काही मिनिटांत त्याच मजल्यावरचा व्हेंटिलेटरही कमी सप्लायचा आवाज काढू लागला.

ज्यांच्या सोसायटीत पाणी कमी दाबानं येतं त्यांना हे लगेच कळेल. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण सकाळी सात वाजता सगळ्यांनी एकदम नळ सोडले की शेवटच्या फ्लॅटमध्ये करंगळीएवढी धार. तिसरा मजला बांधला तेव्हा तिथे जनरल वॉर्ड होता. दहातला एखादा पेशंट कधीतरी २ लिटर ऑक्सिजन घेईल, या अंदाजानं तिथे १५ मिलिमीटरची बारीक लाइन टाकलेली. त्या लाइनवर आम्ही आता वीस पेशंट, एक व्हेंटिलेटर आणि पाच हायफ्लो लावले होते. सिलिंडर भरलेले होते, पॅनल बरोबर होतं, गळती कुठेच नव्हती. पाइप पुरत नव्हता.

पुढचा दीड तास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. आधी लिफ्टमधून दोन जम्बो ट्रॉलीवर चढवून आणले, खिडकीच्या गजाला साखळीनं बांधले आणि त्यांना स्वतंत्र रेग्युलेटर लावून शेवटचे दोन बेड भिंतीवरून सोडवले. आजोबांच्या बाटलीत पुन्हा खळखळ झाली तेव्हा आजींनी डोळे मिटले. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमनी दोन हायफ्लोचे पेशंट पहिल्या मजल्यावरच्या आयसीयूत हलवायचं ठरवलं. तिथली लाइन जाड होती आणि मुख्य पाइपच्या जवळ. तिथले जरा स्थिर झालेले दोघं वर आले. पेशंट हलवताना वाटेत लागणारा छोटा सिलिंडर मी स्वतः धरून चालत होतो आणि नजर काट्यावर होती. पहाटे चारला शेवटच्या आउटलेटवर ३.८ आला.

त्याच पहाटे मॅडमनी सगळ्या सिस्टरना बोलावून सांगितलं की ज्यांचं सॅच्युरेशन ९८-९९ आहे, त्यांचा फ्लो उतरवा, ९२ ते ९६ मध्ये ठेवा. त्याहून वर नेऊन पेशंटला काही जास्त मिळत नाही. दर दोन तासांनी एक सिस्टर फक्त फ्लोमीटर बघत फिरायची. जेवताना लोक मास्क काढून उशीवर ठेवायचे आणि १५ लिटर तसेच उशीत जायचे, तो फुस्स आवाज मी कितीतरी वेळा कानांनी शोधून बंद केला. नंदुरबारला याच कामासाठी ऑक्सिजन नर्स नेमल्याचं नंतर वाचलं. आमच्याकडे त्या दोन उपायांनी दिवसाचे आठ-दहा जम्बो वाचले. त्या दिवसांत दहा जम्बो म्हणजे अडीच तास होते.

आजोबा पाचव्या दिवशी गेले. ऑक्सिजन पोचत होता, फुप्फुसंच तो घेईनात. मॅडमनी मला मुद्दाम खाली येऊन हे सांगितलं, कारण मी त्यांना दोनदा विचारलं होतं की त्या रात्रीमुळे काही झालं का. आजी बऱ्या होऊन घरी गेल्या.

त्याआधीच बुधवारी, २१ एप्रिलला, शहरात जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेच्या रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीपाशी टँकरमधून भरणं चालू असताना गळती लागली, पांढरे ढग आवारभर पसरले, पाइपलाइनचा दाब पडला आणि त्या दिवशी ऑक्सिजनवरचे २२ पेशंट गेले. टीव्हीवर तो पांढरा ढग सारखा दाखवत होते. ऑक्सिजनला रंग नसतो. उणे १८३ अंशांचा द्रव बाहेर पडला की आजूबाजूच्या हवेतली वाफ गोठते, तिचा तो ढग. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी बोलत नव्हतं. मी तिथे नव्हतो, म्हणून काय चुकलं यावर मी बोलत नाही. मी उठून खाली गेलो आणि आमच्या राखीव सिलिंडरांची ओळ बघितली. ते भरलेले होते, पण लाइनला जोडलेले नव्हते. कोपऱ्यात उभे होते, पाना दुसऱ्या खोलीत होता. दाब पडल्यापासून ते जोडून चालू करायला मला किती मिनिटं लागतील, हे मी घड्याळ लावून करून बघितलं. सात मिनिटं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सात मिनिटं कुठून आणायची? त्याच रात्री आम्ही चार जम्बो कायमचे जोडून टाकले, मध्ये उलटा न जाणारा व्हॉल्व्ह घालून, म्हणजे मुख्य दाब पडला की ते आपोआप सुरू होतील.

शनिवारी, २४ तारखेला, विशाखापट्टणमहून रेल्वेवर चढवून आणलेले चार टँकर नाशिकला उतरले. एकूण सात होते, तीन आदल्या दिवशी नागपूरला उतरवले होते. रिकामे टँकर जाताना घाटातल्या बोगद्यांची उंची आडवी येत होती म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घेऊन गेली होती. त्यातला थेंबही थेट आमच्याकडे आला नाही, पण सोमवारी अंबडची रांग निम्मी झालेली होती. टेम्पोवाल्या भाऊंनी रांगेत डोळा लागला म्हणून माझ्याकडे माफी मागितली. माणूस तीन रात्री झोपला नव्हता.

लाट ओसरल्यावर व्यवस्थापनानं द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसवायचं ठरवलं. एक लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, त्यामुळे वीस-बावीस जम्बोंचं काम जेमतेम पावणेदोनशे लिटर द्रव करतो. पण तिचेही हट्ट आहेत. नागपूरच्या पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचा, परवाना लागतो. टँकर उभा राहतो तिथे डांबर चालत नाही, काँक्रीटच हवं, कारण डांबरावर द्रव सांडला तर तो डाग स्फोटक होतो. टाकीत किती माल आहे हे दाबाच्या काट्यावरून कळत नाही, त्यासाठी पातळीचा वेगळा काटा असतो. टाकी रिकामी होत आली तरी दाबाचा काटा बराच वेळ जागचा हलत नाही. हे मी नव्या मुलांना घोकून घेतो. द्रवाचा वायू करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पंखांसारख्या पट्ट्यांवर बर्फ चढतो, खप जास्त असला तर इतका की पट्ट्या दिसेनाशा होतात आणि पुढे थंडगार वायू जायला लागतो. म्हणून दोन संच आहेत, आठ तासांनी पाळी बदलते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत पहाटे पाइपनं पाणी मारून बर्फ उतरवावा लागतो.

हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांटही नंतर आला. त्यातले झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे सोडतात. टँकरची वाट बघावी लागत नाही हे त्याचं मोठं सुख. पण वीज गेली की तो थांबतो, आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरमागचा ड्रायर नीट चालला नाही तर ओल जाऊन दाणे खराब होतात. प्लांटच्या उद्घाटनाला फीत कापायला माणसं मिळतात, फिल्टर बदलायला बजेट मिळवताना मला दर वर्षी भांडावं लागतं. मी भांडतो.

टाकी आणि प्लांट दोन्ही मंजूर झाले तेव्हा मी मीटिंगमध्ये उभा राहून एकच मागणं मागितलं, तिसऱ्या मजल्याला नवी लाइन. कुणाला ते पटेना. एवढा ऑक्सिजन आल्यावर पाइप कशाला, असा प्रश्न आला. मी १८ एप्रिलचा कागद काढला. त्या रात्री दर पंधरा मिनिटांनी शेवटच्या आउटलेटवरचा आकडा मी मास्कच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिला होता. डॉक्टर मॅडम माझ्या बाजूनं बोलल्या. २२ मिलिमीटरची स्वतंत्र लाइन मंजूर झाली. जोड मारताना आतून नायट्रोजन चालू ठेवला, नाहीतर तांब्याच्या आत काळी खपली धरते आणि ती पुढे पेशंटच्या मशीनमध्ये जाते. चोवीस तास दाब भरून ठेवला, काटा हलला नाही. मग प्रत्येक आउटलेटला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून बघितलं, चुकून हवेची लाइन ऑक्सिजनच्या जागी लागलेली नाही ना, हे एकेक बेड करून. त्याला एक पूर्ण दिवस गेला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी सहाला, मी वर सिस्टरांना आणि ड्युटी डॉक्टरांना सांगून टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो. प्रत्येक मजल्यावर एक माणूस गेज घेऊन उभा असतो आणि गरज पडली तर लावायला छोटे सिलिंडर व्हेंटिलेटरच्या शेजारी तयार असतात. मी पॅनलसमोर. काटा थोडा खाली येतो, राखीव बँकेचा व्हॉल्व्ह उघडल्याचा खट्ट आवाज होतो, घंटा वाजते. मग मी फोनची वाट बघतो. पहिला मजला सांगतो, दुसरा सांगतो. तिसऱ्याला जरा वेळ लागतो, कारण तिथल्या सिस्टरना खिडकीपर्यंत चालत जावं लागतं.

"दादा, ३१ नंबर. चार पॉइंट एक."

मी वहीत लिहितो आणि टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडतो.